पिठाच्या पोत्याचा झगा

आधी माफी मागते. माझं अक्षर गिचमीड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंतच शिकले. चुका दिसतील, त्या सोडून वाचा. जे लिहायला बसले ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, प्रार्थनेतही नाही. प्रार्थनेत 'माझे अपराध' एवढंच म्हणते आणि घाईनं पुढे जाते. देवाला कळत असेलच — पण त्याला कळणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं, नाही का?

बेळगावात आमच्या मिशनच्या आवारात एक जुना कौलारू बंगला आहे. त्यात मिशननं छोटं म्युझियम केलं आहे. जुन्या मडमांच्या लोखंडी पेट्या, पायानं भाता मारायचा बाजा, दवाखान्यातल्या कात्र्या, पिवळे पडलेले फोटो. शनिवारी-रविवारी ते उघडतं आणि चर्चच्या मंडळीतल्या आम्ही बायका तिथे सेवेला जातो. पगार नाही. मी वडगावाहून जाते. घरी साड्यांना गोंडे बांधायचं काम असतं, ते शुक्रवारीच उरकते. सेवा म्हणजे माझी काय — काचा पुसायच्या, बाहेरच्या चपला नीट लावायच्या. बोलायचं काम शांताआक्काचं. आक्का सत्तरीची, उचगावची, गुडघे धरून चालणारी. तिला माणसं आवडतात. मला माणसांची भीती वाटते. कुणी काही विचारलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

एका कपाटात लहान मुलीचा झगा आहे. पूर्वी परदेशातून पिठाची पोती यायची, त्या कापडाचा मडमांनी शिवलेला. खालच्या घेरावर निळी इंग्रजी अक्षरं अजून पुसट दिसतात. चिठ्ठीवर एवढंच आहे — अनाथ मुलीचा झगा.

तो शांताआक्काच्या आईचा. साथीत आईबाप गेले आणि कुणीतरी त्या पोरीला बंगल्याच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, ठेवून निघून गेलं. पोर सोप्याचा खांब सोडेना. मडमेनं मग खांबाजवळच बसून तिला पेज भरवली. हे आक्कानं काच पुसता पुसता मला सांगितलं, फक्त मला. चिठ्ठीवर नाव घालू नका असं तिनंच पाळकसाहेबांना सांगितलं होतं. आईला कुणी 'सोप्यावरची' म्हटलं की ती त्या दिवशी जेवत नसे, म्हणून. लोकांना झगा दाखवताना आक्का 'ह्यो एका पोरीचा' म्हणायची आणि पुढच्या कपाटाकडे वळायची.

आता सांगते. सांगते म्हणते आणि लांबवते —

एका शनिवारी आक्काचे गुडघे सुजले म्हणून ती आली नाही. मी एकटी होते. नेमकी त्याच दिवशी पुण्याकडच्या बायकांची बस आली. सगळ्या पुढे गेल्या, एक पांढऱ्या केसांची बाई झग्यापाशी थांबली. तिनं विचारलं, "कुणाचा हो हा?"

माहीत नाही म्हणायचं होतं. मी म्हणाले, "माझ्या आईचा."

का म्हणाले? अजून शोधते आहे. ती बाई माझ्याकडे वळली ती पूर्ण वळली. तसं कुणी माझ्याकडे बघितलेलं मला आठवत नाही. मग साथ, सोपा, खांब, पेज — सगळं माझ्या तोंडून आलं, एकदाही न अडखळता. बाकीच्या बायका परत आल्या, गोल करून उभ्या राहिल्या. त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जाताना तिनं पाचशेची नोट माझ्या मुठीत दाबली. "ही तुम्हाला. दानपेटीत नको."

मी मूठ मिटली.

आणि माझी आई? माझी आई निपाणीत विड्या वळायची. तिला आईबाप होते, भाऊ होते, दिवाळीला माहेरची साडी यायची. तिच्या बोटांना तंबाखूचा वास असायचा, म्हणून मला घास भरवायच्या आधी ती राखेनं हात घासायची. अशी आई होती मला. तिला मी एका शब्दात घराबाहेर काढलं. हे मला नंतर सुचलं, त्या वेळी नाही. त्या वेळी मी आनंदात होते.

मग हे होतच गेलं. आक्का पलीकडच्या खोलीत असली की मी झग्यापाशी उभी राहायची. नोटा यायच्या. पेटीत टाकीन म्हणायची आणि घरी न्यायची. गरज होती असं लिहिणार होते — गरज नव्हती. मी एक मोरपंखी साडी घेतली. दिवसभर दुसऱ्यांच्या साड्यांना गोंडे बांधते ना, एकदा आपल्या बांधावेसे वाटले.

एक दिवस मी सांगत असताना आक्का दारात उभी होती. हातात पुसायचं फडकं. किती वेळची उभी होती, देव जाणे. पाहुण्यांतल्या एकीनं तिलाच विचारलं, "तुम्ही ओळखत होता का यांच्या आईला?"

आक्कानं झग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"व्हय की," ती म्हणाली. "लई सोसलं त्या माउलीनं."

पाहुणे गेल्यावर ती माझ्याशेजारी बाकावर बसली, गुडघा चोळत. मी शिव्यांची वाट बघत होते. ती म्हणाली, "आज तुजा आवाज काय छान लागलाता गं. एवढं बोलतीस, मला ठावंच न्हवतं." एवढंच. त्यानंतर कुणी झग्याचं विचारलं की ती हात करते, "तिला इच्यारा, तिच्या आईचा हाय." आणि भिंतीआड उभी राहून ऐकते. मी बघितलं आहे तिला ऐकताना. मी अजून सांगते. नोट मात्र त्या दिवसानंतर एकही घेतली नाही.

घेतलेल्या नोटांचे चार हजार झाले होते. गोंड्यांच्या मजुरीतून वर्षभर बाजूला टाकत गेले. पेटीत गुपचूप टाकता आले असते. ते मला सोपं वाटलं, म्हणून टाकले नाहीत.

सुगीच्या सणाला आमच्यात शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणतात आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. अंडं शंभराला गेलं तरी कुणी का म्हणून विचारत नाही. यंदाचे पैसे म्युझियमच्या कौलांना लागणार होते. लिलाव पुकारणाऱ्या दानियेल अण्णांनी शांताआक्काच्या घरामागच्या परड्यातला भोपळा उचलला.

"दोनशे," मी म्हणाले. सगळे वळून बघायला लागले.

"दोनशे एक वार—"

"हजार."

"अवो बाई, तुमच्यावर तुम्हीच चढवायलाय! दुसरं कोण न्हाय हितं!"

"दोन हजार."

"भोपळ्यात सोनं हाय व्हय गं?" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मी पदर घट्ट धरून चार हजारांवर गेले आणि थांबले. पैसे तिथेच मोजून दिले.

पाळकसाहेबांनी माझं नाव घेऊन देवाचे उपकार मानले. टाळ्या झाल्या. शांताआक्का सगळ्यांत जास्त वेळ वाजवत होती. खरं सांगायला तेवढी जागा होती, सगळी मंडळी समोर होती, आणि आवाज तर मला आता लागत होता. मी मान खाली घालून भोपळा काखेत घेतला. झगा त्याच कपाटात आहे, माझ्या आईचा म्हणून. पैसे तेवढे सगळे फिटले.