नरसिंहानं स्वतःला पाहिलं

आमच्या पेठ तालुक्यातल्या पाड्यावर झिपरूसारखा गडी झाला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर म्हणाल, म्हाताऱ्यानं पाल्हाळ लावलं. लावणारच!

दिवाळी सरली की झिपरू पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामाला जायचा. तिथं त्याला नावसुद्धा नव्हतं. "ए पेठवाल्या, क्रेट उचल!" एवढंच. पण आमच्या बोहाड्याला तो काम टाकून यायचा. बोहाड्यात देवांची सोंगं नाचतात, आणि नरसिंहाचं सोंग झिपरूच्या घराण्याचं. तो जड लाकडी मुखवटा चढवून आला की भलेभले मागं सरायचे. संबळ वाजवायला मी. एकदा तर आमचे गोटीराम सरपंच चपला सोडून थेट कणगीमागं! अजून हसू येतं.

मुखवट्याला बघायला दोन बारकी भोकं. समोरचं कसंबसं दिसतं. आपण कसे दिसतो, ते नाचणाऱ्याला कधी कळतच नाही. झिपरू म्हणायचा, "दादा, आत गेलो की मी नसतोच. त्योच असतो."

दोन वर्षांमागं त्याच्या नातवानं, दिनेशनं, कौतुकानं आजाचं नाचणं मोबाइलवर काढलं, रातीच सगळ्यांना धाडलं आणि सकाळी त्याला दाखवलं. काडीसारखे पाय, वर डुगडुगणारं लाकडाचं डोकं. खाली कुणीकुणी हसरी तोंडं पाठवलेली.

"ह्यो कोण रं?"

"तूच की, आजा!"

"लय बारीक दिसतो." मग म्हणाला, "परत लाव."

परत. अन् परत. द्राक्षाच्या मळ्यात भाकरी खातानाही आपल्या मोबाइलवर तेच बघायचा, असं त्याच्या जोडीचे सांगतात.

पुढच्या बोहाड्याला त्यानं पिंढऱ्यांना फडकी गुंडाळली, पाय भरलेले दिसावेत म्हणून! मी म्हटलं, "काय रे, नरसिंह नवरी बघायला निघाला काय?" एरवी खो खो हसणारा गडी, हसला नाही. मी ठेका चढवला, तरी त्याची प्रत्येक उडी दिनेशच्या मोबाइलच्या रोखानं.

तेवढ्यात झिपरूच्या शेजारची चिमणाबाई पुढं आली. तापानं खंगलेली नात कडेवर, हातात नारळ. वाकली. "देवा, पोरीला उठव."

मी ठेका धीमा केला. अशा वेळी नरसिंह पोराच्या डोक्यावर हात ठेवतो अन् गुरगुरतो, बाया रडतात. मुखवट्यातून आवाज आला,

"दिनेश, बरा दिसतो का रं?"

चिमणाबाई वाकल्या जागी थांबली. मग सावकाश उठली, नारळ पदराखाली घेतला.

"झिपरूभाऊ, तू हायस व्हय," एवढंच बोलली, आणि नातीला घेऊन गर्दीतून निघून गेली. उभा जन्म शेजारी काढला, पण त्या मुखवट्यात तिला झिपरू कधी दिसला नव्हता.

यंदा तो पिंपळगावहून आलाच नाही. मुखवटा घरात आढ्याला टांगलाय. नरसिंहाची पाळी आली तेव्हा मी संबळ खाली ठेवला. दिनेश शेजारीच बसलेला, खुशीत मला म्हणाला, "बाबा, आजाचा व्हिडिओ लय चाललाय बरं का!"