साडूंचं ऊन

सोलापूरच्या उन्हाला "या, बसा" म्हणणारा माणूस पृथ्वीवर एकच झाला : माझे धाकटे साडू. मे महिन्यात सात रस्ता चौकात कुत्रीसुद्धा हातगाड्यांखाली शिरत, तेव्हा हे टोपी काढून उन्हाच्या बाजूने चालत. चहाही उन्हात उभं राहून पीत. कुणी छत्री धरली तर अपमान झाल्यासारखे मागे सरत. वर मलाच म्हणत, "अण्णा, तुमी लई सावलीतली मानसं की!" एका हातमागावरून मी चादरींचा कारखाना उभा केला, तो काय सावलीत बसून? माझं डोकं फिरायचं.

या वेडाला कारण होतं. त्यांचे पाय जड पडत, एक डोळा अंधारे, म्हणून मी त्यांना पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. "मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंचा रोग," डॉक्टर म्हणाले. "थंड, कमी उन्हाच्या देशांत जास्त दिसतो. उन्हातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाशी त्याचा संबंध असावा, असं काहींना वाटतं. सिद्ध काही नाही." मी हादरलो. मैंदर्गी गावच्या शेतात जन्मभर उन्हात भाजलेल्या माणसाला थंड देशातला रोग? टेबलावर हात आपटून म्हणालो, "पुन्हा बघा साहेब, दुसऱ्याचा माल आमच्या गळ्यात मारताय!" साडूंनी मात्र एवढंच धरलं : ऊन कमी पडलं, आता भरपूर खायचं.

त्यासाठी आमच्याकडेच मुक्काम ठोकून त्यांनी माझ्या गच्चीचा पूर्वेचा कोपरा बळकावला. रंगवलेलं सूत नेमकं तिथेच लवकर वाळे. मी भांडलो, दुसरा कोपरा देऊ केला. उन्हाला ते कानडीत बिसिलु म्हणत. "बिसिलु हितंच चांगलं हाय," म्हणून जे बसले, ते हललेच नाहीत.

एका दुपारी सूत उलटायला वर गेलो, तर साडू खुर्चीखाली पडलेले. "अण्णा, पाय न्हाईत माजे," म्हणाले. पाठीवर घेऊन खाली आणलं, ओल्या चादरीत गुंडाळलं. संध्याकाळी पाय हलले. ट्रंक कॉल लावला, तर डॉक्टर माझ्यावरच ओरडले : या रोगात अंग तापलं की माणूस आणखी लुळा पडतो, कडक ऊन बंद!

साडू हळूच म्हणाले, "सकाळचं कवळं तरी मागून बघा की. तुमाला जमतं." मी पुन्हा फोन लावला, डॉक्टरांशी घासाघीस केली आणि कोवळं ऊन तेवढं पदरात पाडून घेतलं.

पुढे पाय गेलेच. रोज सकाळी मी त्यांना उचलून त्या कोपऱ्यात बसवी. ऊन चढलं की ते आपणहून हात वर करत, लहान मुलासारखे.

साडू गेल्यावर आता गच्चीभर सूत वाळतं. तो कोपरा मात्र मी कुणाला देत नाही.