उजळलेली गाठ

बोईसरला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक शास्त्रज्ञ एकटे राहतात. प्रयोगशाळेत अतिसूक्ष्म कण बनवतात. सुईने टोचल्यावर हे कण अंगभर फिरून कॅन्सरच्या गाठीलाच चिकटतात आणि स्कॅनच्या चित्रात ती गाठ उजळून दिसते. एवढंही त्यांच्याकडून कळायला मला दोन वर्षं लागली. काहीही विचारलं की ते आधी चष्मा काढून पुसतात, मग मोजकं बोलतात.

सातपाटीला मासे विकणारी माझी आई आजारपणात माझ्याकडे राहायला आली. तिची गाठ फार उशिरा सापडली होती. एकदा जिन्यात तिने त्यांना थांबवलं.

"दादा, तुमची ती सुई मला नाय का मिलायची?"

त्यांनी चष्मा पुसला. "अजून उंदरांवरच चाललंय, मावशी. माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील. तुम्हाला नाही मिळणार."

मला त्यांचा राग आला. घरात आल्यावर आई म्हणाली, "खरं बोलला तो. बाकी सगली बरी होशील म्हनतात."

त्यानंतर ते रोज संध्याकाळी तिच्याजवळ येऊन बसत. ती होड्यांचं, वाऱ्याचं सांगत राही आणि ते ऐकत.

आई गेल्यावर त्यांचं येणं बंद झालं. परवा रविवारी दुपारी मात्र बेल वाजली. दारात ते मोबाइल धरून उभे होते. पडद्यावर उंदराची काळी आकृती होती आणि तिच्या पोटात तांदळाच्या दाण्याहून लहान ठिपका लख्ख चमकत होता.

"इतकी लहान गाठ पहिल्यांदाच दिसली," ते म्हणाले. "मावशींना दाखवायला आलो. बेल वाजवल्यावर आठवलं."