फ्लॉपीची पिशवी

धाडहून बुलडाण्याला जाणाऱ्या एसटीत आमच्या गावची एक पोरगी रोज माझ्या शेजारी बसायची. शिकत होती कॉम्प्युटर, पण हातात कायम सुईदोरा. खड्डा आला की सुई वर धरायची, मग पुढचा टाका. गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांची नाडीवाली पिशवी तिनं फ्लॉपीसाठी शिवली होती. फ्लॉपीत आमच्या गावच्या तपासणीत टीबी निघालेल्यांची यादी होती. ती टाइप करायचं काम तिच्याकडे आलं होतं.

एकदा मी हळूच विचारलं, "आपल्या गावात कोणाकोणाले निंघला वं टीबी?"

तिनं नाडी आवळून गाठ मारली.

"काका, तुमचंबी नाव हाये याच्यात. म्या मायलेबी नाही सांगतलं."

मीही घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यासाठी खिडकीची जागा धरू लागलो.