तुरट म्हणजे बिटर नव्हे, जावईबापू!

गेल्या मंगळवारी लंडनमध्ये माझी इंग्रजीची तोंडी परीक्षा झाली आणि मी सपशेल नापास झालो. लंडन म्हणजे आमचं, कॅनडातल्या ओंटारियोतलं. थेम्स नदी आमच्याकडेही आहे, पण ते जाऊ दे...

झालं असं, की माझ्या सासूबाई सांगलीहून पाच महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आहेत. मी त्यांना आईच म्हणतो. पहिला महिना मजेत गेला, मग हळूहळू त्यांचं जेवणावरचं मनच उडालं. भाकरी अर्धीवर आली, अर्धीची चतकोर झाली... विचारलं की म्हणायच्या, "तोंडाला चव नाही हो."

रविवारी त्या हळूच म्हणाल्या, "तिकीट जरा अलीकडचं मिळतंय का बघा. दुखणं यायचंच असेल तर आपल्या घरी आलेलं बरं." माझी बायको रश्मी नर्स आहे, त्यामुळे तिच्या डोक्यात आधी सगळ्यात वाईट तेच येतं. तिचा चेहरा पार उतरला.

मंगळवारी तिची शिफ्ट होती, म्हणून आईंना वॉक-इन क्लिनिकमध्ये मी घेऊन गेलो. डॉक्टर पन्नाशीच्या, मूळच्या कोरियन, फार शांत बाई. त्यांनी विचारलं, तोंडाला नेमकी कशी चव येते? आई म्हणाल्या, "तुरट." आणि मी, चौदा वर्षं या देशात इंग्रजीत नोकरी केलेला माणूस, छाती फुगवून म्हणालो, "बिटर!"

डॉक्टर भराभर टाइप करायला लागल्या. आई घेतात त्या बीपीच्या गोळीने असं होऊ शकतं, कदाचित गोळी बदलावी लागेल, ब्लड टेस्ट्सही करून घेऊ...

तेवढ्यात आईंनी माझी बाही ओढली. "बिटर म्हणजे कडू ना हो? ग्रोसरीत कारल्यावर लिहिलेलं असतं. मला कडू नाही लागत, तुरट लागतंय!" तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाई त्या. चुकीचं उत्तर समोरून जाऊ देणं त्यांच्या रक्तातच नाही.

आता तुरटला काय म्हणायचं? सावर म्हणावं तर ते आंबट. ड्राय म्हणावं तर ती चवच नाही. मी सुपारी सांगितली, आवळा सांगितला, तोंड आवळून अभिनयही करून दाखवला... डॉक्टर सहानुभूतीने माझ्याकडेच बघत होत्या, बहुतेक पेशंट कोण अशी शंका त्यांना आली असावी.

शेवटी फोनवर शोधलं. ॲस्ट्रिंजंट! आता हा शब्द मला ठाऊक होता तो आमच्या वॉशरूममधल्या बाटलीवरचा. रश्मी त्याने चेहरा पुसते. सासूबाईंच्या तोंडाला तसली चव येते असं डॉक्टरांना कसं सांगायचं? पण सांगितलं, चाचरत का होईना.

डॉक्टरांची बोटं थांबली. "ओह, ॲस्ट्रिंजंट! लाइक अ हार्ड पर्सिमन!" मग त्या हसत सांगू लागल्या. लहानपणी त्यांची आजी पर्सिमन खिडकीत ठेवायची आणि जेलीसारखं मऊ होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. यांनी एकदा चोरून कच्चंच खाल्लं आणि तासभर जीभ टाळ्याला चिकटली.

मी आईंना हे मराठीत सांगायला वळलो, तर त्या मान खाली घालून बसलेल्या. "पर्सिमन म्हणजे ते केशरी फळ ना हो, तुम्ही आणलेलं? रोज खाते की मी. दोन्ही वेळा, जेवणाआधी..."

आता माझा पराक्रम ऐका. ऑफिसात एकाने मला चपटं पर्सिमन खायला दिलं होतं, कडक पण गोड. त्या खुशीत मी दुकानातून पेटी उचलली ती टोकदार पर्सिमनची, जी पिकून लिबलिबीत झाल्याशिवाय खायचीच नसतात. "आई, खास तुमच्यासाठी" म्हणून ती दिली, आम्ही दोघांनी चाखूनही पाहिली नाहीत. आठवड्यात पेटी संपली म्हणून मी कौतुकाने दुसरी आणली!

डॉक्टर खूप हसल्या. म्हणाल्या, हे कच्चं फळ पोटालाही बाधतं, आधी बंद करा. गोळी तीच राहू दे, आठवड्याने चव आली नाही तर टेस्ट करू.

गाडीत मी विचारलं, "आई, सांगायचं तरी!" तर म्हणाल्या, "जावयाने एवढ्या हौसेने आणलेलं... तोंड वाकडं कसं करणार?" मला हसू आलं आणि लगेच फार वाईट वाटलं. बिचाऱ्या माझा मान राखता राखता स्वतःला आजारी समजून परत निघाल्या होत्या.

शुक्रवारी त्यांनी पिठल्याबरोबर दीड भाकरी खाल्ली. तिकिटाचं नाव नाही. रश्मीने स्वयंपाकघरातच त्यांना मिठी मारली.

काल सकाळी रश्मी कामावर गेल्यावर मी नेहमीसारखा दोघांचा चहा केला. रोज "छान झालाय" म्हणणाऱ्या आईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "राग मानू नका जावईबापू, पण चहा फार पाणचट करता हो तुम्ही." असं म्हणून दोन्ही कप परत भांड्यात ओतले आणि आलं किसायला घेतलं.

लग्नाला नऊ वर्षं झाली... काल पहिल्यांदा वाटलं, की आई नुसत्या लेकीकडे नाही, माझ्याकडेही राहायला आल्या आहेत.