दूध उतरवलं

हे मी बायकोलेही कधी सांगितलं नाही. आता ती नाही, पोरं घरातही हिंदीतच बोलतात — म्हणून तुम्हाले सांगून राहिलो. मधेच अडखळलो तर अडखळू द्या.

तेव्हा आमची भिलाई मध्य प्रदेशात होती. कॅम्प-वनमध्ये शेजारी वानखडेभाऊ राहत. प्लांटात क्लार्क, अन् नागपूरच्या एका मराठी पेपरचे इथले वार्ताहर. आमच्या लोकांची गावं भंडारा-गोंदियाकडची. इथलं बरं-वाईट गावाले त्या पेपरातूनच कळे. पण भाऊ बातमी फोनवर देत, अन् फोनवर काय, कोणीही काहीही सांगेल! म्हणून भाऊंनी पेपरवाल्यांशी एक खूण ठरवली होती. बातमी सांगून झाली की शेवटी म्हणायचं — "दूध उतरवलं." खूण आली की बातमी छापायची, नाही तर बाजूला ठेवायची. मी त्यांचा चेला, जवळ बसून सगळं ऐकलेलं. त्यात मले लोकांचे आवाज काढायची भारी खोड. भाऊंचा आवाज काढला की वहिनी आतून ओ द्यायच्या.

त्या दिवशी भाऊ तापानं फणफणले होते. वहिनी माहेरी, मी उशाशी. दुपारी बाजारात बोंब उठली — कुम्हारीजवळ बस उलटली, आपला दौलत गेला. दौलत आमच्याच घरांच्या ओळीतला. त्याची पिशवी सापडली होती, आईनं दोऱ्यानं नाव काढलेली. कुम्हारी काय दूर आहे? सायकल मारून पाहून येता आलं असतं. नाही गेलो. कावून? पहिली बातमी आपली पाहिजे, बस्स, एवढंच डोक्यात होतं.

फोन भाऊंच्या खाटेजवळच. त्यांना उठवलं असतं तर म्हणाले असते, आधी डोळ्यांनी पाहून ये. म्हणून मीच बोललो, त्यांच्या आवाजात. दौलतचं नाव, गाव, चेहरा ओळखू येत नाही हेही. अन् शेवटी — दूध उतरवलं.

फोन ठेवून वळलो तर भाऊंचे डोळे उघडे. माझ्याकडं पाहत नव्हते, वर छताकडं. ओठ तेवढे हलून राहिले होते.

दौलत मेला नव्हता हो. कुम्हारीले चहासाठी उतरला अन् पिशवीसकट बस सुटून गेली. तो दुसऱ्या गाडीनं मित्राच्या लग्नाले गेला, तिथंच पंधरा दिवस राहिला, मग सरळ गावी. तोवर देह हाती आला नाही म्हणून गावानं गवताचा पुतळा करून जाळला होता, दहावाही झाला होता. तो अंगणात आला तर आईनं दार लावून घेतलं. आतून विचारलं, लहानपणी पाय कशानं भाजला होता? त्यानं बरोबर सांगितलं. ती म्हणाली, "हे त भुतालेही ठाऊक असते."

तिनं त्याले पुन्हा घरात घेतलंच नाही. ताट अंगणात ठेवायची अन् दार लावायची. दौलतनं स्वतः आमच्या ओळीत येऊन हे सांगितलं, तेव्हा मी भाऊंच्या मागं उभा होतो.

पेपरवाले म्हणाले, आवाज तुमचा, खूण तुमची. भाऊंची वार्ताहरकी गेली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण एक दिवस मले जवळ बसवून त्यांनी हळूच विचारलं, "माझाच आवाज होता रे, मले आठवते. तोंड हललं का नाही, ते आठवत नाही. मीच बोललो का?"

नाही म्हणायचं होतं. एक शब्द. तोंडाशी आला होता.

"हो भाऊ. तुम्हीच बोलले."

त्यानंतर अंगात जराशी कणकण आली की भाऊ तोंडाले गमछा बांधून निजत. वहिनी विचारून विचारून थकल्या. शेवटच्या दुखण्यातही ताप होता. पाण्यापुरता गमछा सोडला की लगेच खुणेनं परत मागत. त्यांच्या हातानं गाठ काही बसेना.

ती मी बांधून दिली.