दोरीवरच्या वायरी

रविवार, १४ डिसेंबर. हजर: मी, धाकटे दीर आणि वायरमनभाऊ.

माझ्या जुन्या व्हॅनमध्ये दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं, पण वायरी जुळत नव्हत्या. सोमवारी भरवेलीच्या खाणीवर माझे जेवणाचे डबे पोचले नाहीत, तर ते काम दुसऱ्याला जाणार होतं.

भाऊंनी सगळी वायरिंग सोडवून माझ्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी टांगली होती. लागेल तिथे नवा तुकडा जोडताना ते वायरीशीच बोलत, "तू पंपाची. तुले आता नव्या घरी जा लागते. रडू नको."

"कपडे वाळले का, भाऊ?" दिरांनी टोमणा मारला.

"हौ. आता इस्त्री करून राह्यलो."

दुपारी वायरिंग इंजिनावर चढली. भाऊंनी किल्ली माझ्या हातात दिली. "वहिनी, चाबी तुमी फिरवा. डबे तुमचे हायेत."

पहिल्याच फेरीत इंजिन सुरू झालं! सगळ्यांत आधी दीरच ओरडले. मग भाऊंनी आम्हाला बसवून गाडी भर बाजारातून फिरवली. हॉर्न जोडलेला नव्हता, म्हणून खिडकीतून डोकं काढून तेच ओरडत होते, "हटो रे भैया, वहिनीची गाडी येऊन राह्यली!"

सोमवारी डबे वेळेवर पोचले. हॉर्न अजून जोडायचा आहे.